पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकूनच दुकानात जा

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला सगळं धरून १६,३५० रुपये लागले. मूळ डबा, म्हणजे ऑफिसात वापरून झालेला जुना सीपीयू, ९,२००, बावीस इंची वापरलेला मॉनिटर ३,०००, यूपीएस २,७००, नवा कीबोर्ड-माउस ७५०, एक कन्व्हर्टर ४५० आणि दहा मीटर लॅन केबल २५०. नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतला. त्यावर बारावीतला मुलगा पायथन शिकतो, सासरे आपल्या शिक्षकी पेशातल्या आठवणी लिहितात आणि मी बँक, विजेचं बिल, गावच्या जमिनीचा सातबारा, सोसायटीचा हिशेब असली कामं करते. मशीन चालवायला त्यात विंडोज नाही, त्याऐवजी लिनक्सची 'मिंट' ही आवृत्ती आहे, आणि त्याचा एक पैसाही द्यावा लागलेला नाही.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही. पण घरचा डबा घेतल्यापासून ओळखीतले लोक "कुठून घेतलात, काय बघून घेतलात" असं विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी हे डबे इतके स्वस्त का मिळतात ते समजून घ्या, म्हणजे दुकानात घासाघीस करताना पाय जमिनीवर राहतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे बँका, कॉल सेंटर आणि मोठ्या कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची चालती मशीनं शेकड्यांनी काढून टाकली. ती लिलावात जातात, व्यापारी उचलतात, पुसून-झटकून विकतात. दुकानात याला 'लॉटचा माल' म्हणतात. यात मशीन बिघडलेलं असतं असं अजिबात नाही. विंडोज ११ च्या अटीत ते बसत नाही, एवढंच. लिनक्सला ती अटच नाही. म्हणून ज्या मशीनचा भाव विंडोजमुळे पडला, ते आपल्यासाठी चांगलं मशीन ठरतं.

लॅपटॉप का नाही, हे मला घरातूनही विचारलं गेलं. डेस्कटॉप हॉलमध्ये राहतो, सगळ्यांचा होतो. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर येतो, सासऱ्यांची मान अवघडत नाही. आणि काही बिघडलं तर चार स्क्रू काढून आत हात घालता येतो.

आता प्रोसेसर. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण आपण 'आय३, आय५, आय७' एवढंच ऐकतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीच्या बाजूला, पहिल्याच दुकानात मला सांगितलं, "ताई, आय सेव्हन घ्या, साडेसहा हजारांत देतो. आय फाइव्हपेक्षा भारी."

मी म्हटलं, "दादा, पुढचा आकडा काय आहे?"

"सव्वीसशे."

आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ चं मशीन. चार आकड्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो: ६५०० म्हणजे सहावी, ७५०० म्हणजे सातवी, ८५०० म्हणजे आठवी. (दहाव्या पिढीपासून आकडे पाच होतात, तेव्हा पहिले दोन बघायचे.) जुन्या आय७ पेक्षा सहाव्या पिढीचा आय५ घरासाठी कितीतरी बरा. वीज कमी खातो, गरम कमी होतो, यूट्यूब नीट चालवतो आणि बहुतेक बोर्डांवर डीडीआर४ ही नंतरच्या प्रकारची रॅम (कामाची तात्पुरती मेमरी) असते. बहुतेक म्हणते आहे, कारण सहाव्या पिढीतही काही मॉडेल डीडीआर३ रॅमची निघाली. ती टाळा, कारण पुढे रॅम वाढवायची झाली तर घोडं तिथेच अडतं. आठव्या पिढीच्या आय५ मध्ये चाराऐवजी सहा कोअर येतात आणि त्यावर विंडोज ११ ही चालतं, म्हणून त्याचे मला तीन-चार हजार जास्त सांगितले. व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर ते पैसे घाला. वाचणं, लिहिणं, बँक, व्हिडिओ कॉल आणि शाळेचा अभ्यास एवढ्यासाठी आय५-६५०० पुरतो, रोज बघते आहे.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. ४ जीबीत मिंटची हलकी आवृत्ती सुरू होते, पण ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की सगळं दमतं. आणि डिस्क एसएसडीच हवी, म्हणजे आत काही न फिरणारी, वेगवान. फिरणारी हार्डडिस्क असलेलं मशीन हजार रुपयांनी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जुनं मशीन हळू वाटतं त्याला प्रोसेसर क्वचितच कारण असतो, बहुतेक वेळा कारण ती डिस्कच असते. आमचं मशीन बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारेपर्यंत पंचवीस सेकंद घेतं.

डबा तीन आकारांत मिळतो. उभा मोठा टॉवर, आडवा-उभा कसाही ठेवता येईल असा मध्यम आकाराचा, ज्याला एसएफएफ म्हणतात, आणि जाडजूड पुस्तकाएवढा छोटा, ज्याला टायनी, मायक्रो किंवा मिनी म्हणतात. छोटा दिसायला फार गोड. मॉनिटरच्या मागे अडकवता येतो, वीज अगदी कमी खातो. पण त्याची वीज बाहेरच्या अडॅप्टरवरून येते, लॅपटॉपसारखी, आणि लॉटमध्ये मूळ अडॅप्टर हरवलेले असतात. दुकानदार दुसरा कुठलातरी जोडून देतो. काही कंपन्यांची मशीनं अडॅप्टर ओळखू आला नाही की प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात. मशीन चालू होतं पण रांगतं, आणि बिचारा माणूस लिनक्सला दोष देत बसतो. छोटा डबा घेणार असाल तर अडॅप्टरवर त्याच कंपनीचं नाव आणि बरोबर वॅट आहेत का ते वाचून घ्या. त्यात रॅमही लॅपटॉपची लागते.

मी एसएफएफ घेतला. त्याचीही एक अडचण आहे आणि ती घेण्याआधी माहीत असलेली बरी: आतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, त्या-त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा एसएमपीएस बसत नाही, तोच शोधावा लागतो. म्हणून यूपीएसला मी चैन समजत नाही, आणि म्हणूनच ज्या मॉडेलचे ढिगाने डबे बाजारात आले आहेत तेच घ्यायला सांगते: डेलचे ऑप्टिप्लेक्स ३०५०, ५०५०, ७०५०, एचपीचे प्रोडेस्क ६०० आणि एलिटडेस्क ८००, लेनोव्होचे थिंकसेंटर एम७१० आणि एम९१०. मॉडेल चलनातलं असलं की सुटे भागही मिळत राहतात.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पेनड्राइव्ह. दुकानात जाण्याच्या आदल्या रात्री ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट तयार करून घ्या. मिंटच्या साइटवरून फाइल उतरवायची, ती साधारण तीन जीबीची असते, आणि बलेना एचर किंवा रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जातं. फाइल उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा लांबलचक आकडा, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती आणि काही तास तिथून छेडछाड केलेल्या फाइलकडे लोकांना पाठवलं जात होतं. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

हा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं की आख्खं मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. आतल्या डिस्कला ते हात लावत नाही. दुकानदाराला हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरतो. मला म्हणाला, "ताई, विंडोज उडेल, मग परत टाकायला अर्धा तास जाईल माझा." मी म्हटलं, "उडणार नाही दादा, आणि मला तुमचं विंडोज नकोच आहे, मोकळी डिस्क दिलीत तरी चालेल." फुकट टाकून देतात ते विंडोज आणि त्याबरोबरचं ऑफिस अनेकदा चोरीचं असतं. घरात मुलांसमोर चोरीची वस्तू रोज वापरायची नाही, हे मी ठरवलेलं होतं. लिनक्स निवडायला पैशाइतकंच हेही कारण होतं.

काउंटरवर मला अर्धा तास लागला. तो कसा घालवला ते सविस्तर सांगते.

मशीन सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहायचं, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारतं. पण त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, शिरून बघा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकसेंटरला एफ१. आत जाताना पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. जुन्या कंपनीने घातलेलं ते कुलूप आहे आणि ते काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. "नंतर काढून देतो" हे ऐकून घेऊ नका.

मिंटचा डेस्कटॉप समोर आला की मेनूमधून सिस्टिमची माहिती उघडायची. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम तिथे लिहिलेली असते. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, स्टिकर बदलता येतात. मग 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम उघडा, डावीकडे डिस्क निवडा आणि वरच्या तीन ठिपक्यांमधून 'स्मार्ट' (SMART) माहितीचं, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचं, पान बघा. (काही एनव्हीएमई डिस्कना, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या एसएसडींना, हे पान उघडत नाही. मग नवी डिस्क असल्याचं बिलावर लिहून घ्या.) मला दाखवलेल्या पहिल्या मशीनमध्ये एसएसडी 'नवीन टाकली आहे' असं सांगितलं होतं. त्या पानावर ती ३ वर्षं ७ महिने चालू राहिलेली दिसत होती. मी स्क्रीन दुकानदाराकडे वळवली. त्याने एक शब्द न बोलता मागच्या खोलीतून दुसरं मशीन आणलं. त्यातली डिस्क २ तास चाललेली होती, म्हणजे खरंच नवी. तेच मशीन आज आमच्या घरी आहे. 'रिअलोकेटेड सेक्टर' (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा) नावाच्या ओळीत शून्याऐवजी मोठा आकडा असेल, तर ती डिस्क बदलून मागायची.

इंटरनेट तपासायला दुकानाचं वायफाय मागायची गरज नाही. आपला अँड्रॉइड फोन केबलने मशीनला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला लगेच वायरचं नेटवर्क म्हणून ओळखतं. मग यूट्यूबवर एखादं भजन किंवा अभंग पूर्ण पडद्यावर लावून दहा मिनिटं चालू ठेवा. तेवढ्यात पुढच्या-मागच्या सगळ्या यूएसबी जागांमध्ये माउस एकेक करून लावून बघा. हेडफोन पुढे लावा, मागे लावा. पंख्याचा आवाज ऐका: संथ वाऱ्यासारखा असेल तर ठीक, खरखर किंवा मध्येच चढणारी शिट्टी असेल तर आत धूळ आहे किंवा पंखा गेला आहे. शेवटी मशीन झोपवा आणि परत उठवा. उठून पडदा नीट आला तर जीव भांड्यात पडतो, कारण हे एक काम जुन्या मशीनवर कधीकधी अडतं.

लॅनची जागा घरी राउटरला जोडूनच कळते, पण दुकानात केबल असेल तर लावून दिवा लुकलुकतो का ते पाहा. ऑफिसच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतंच, हे आधीच लक्षात असू द्या. दुकानदार तीनशे रुपयांचा इवलासा वायफाय डोंगल पुढे करतो. त्यातल्या काहींचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिनक्समध्ये नसतो आणि मग इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं, असा गुंता होतो. डोंगल घ्यायचाच असेल तर त्याच पेनड्राइव्हवाल्या मिंटमध्ये लावून, नेटवर्क दिसलं तरच घ्या. माझा सल्ला साधी लॅन केबल. आमची केबल राउटरपासून दाराच्या चौकटीवरून खिळ्यांच्या क्लिपांनी फिरवली आहे. दिसत नाही, आणि मुलाच्या ऑनलाइन तासाला एकदाही अडखळली नाही.

मॉनिटर नवाच हवा असं नाही, पण १९२० बाय १०८० चा हवा. स्वस्तात मिळणारे चौकोनी जुने मॉनिटर नकोत, त्यावर बँकेची पानं अर्धीच दिसतात. आमचा मॉनिटर व्हीजीए या जुन्या जोडणीचा निघाला आणि डब्याला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय होतं, म्हणून तो ४५० रुपयांचा कन्व्हर्टर. तुम्ही डब्याच्या मागच्या आणि मॉनिटरच्या जागा आधी जुळवून बघा, तेवढे वाचतील. व्हीजीएवर एक गोष्ट मराठी वाचणाऱ्यांनाच जाणवते: चित्र जरा सरकलेलं असलं की इंग्रजी अक्षरं ठीक दिसतात, पण अनुस्वार आणि रफार पुसट होतात. सासरे म्हणाले, "अगं, 'धर्म' आणि 'धम' मला सारखेच दिसतायत." मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबल्यावर रफार जागेवर आला. दुकानात मॉनिटर तपासताना आधी पूर्ण पांढरं आणि मग पूर्ण काळं पान उघडा. मेलेले ठिपके आणि कडेचा पिवळेपणा लगेच कळतो.

बिल पक्कं घ्या. त्यावर मॉडेल, डब्याचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के आहे, तो सांगितलेल्या भावात धरला आहे की वेगळा, हे भाव ठरवतानाच विचारा. मला आधी तोंडी 'एक महिना टेस्टिंग' सांगितलं होतं. पक्कं बिल मागितल्यावर तीन महिन्यांची दुकानाची वॉरंटी लिहून मिळाली. मुंबईकडच्यांनी ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जावं, तोच ज्याचं आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग नाव आहे. ऑनलाइनही हा माल मिळतो, पण तिथे हा अर्धा तास मिळत नाही. ऑनलाइन घेणारच असाल तर परत करायची मुदत पाहून घ्या आणि डबा आला त्याच दिवशी वरची सगळी तपासणी करा.

घरी आल्यावर मिंट बसवणं हे खरोखर वीस मिनिटांचं काम. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं चिन्ह असतं, ते विचारेल त्याला उत्तरं द्यायची, 'डिस्क पुसून बसवा' निवडायचं. जुन्या ऑफिसचा काही डेटा राहिला असेल तर तोही जातो. सध्याचं मिंट २२ घ्या, त्याचा आधार २०२९ पर्यंत आहे. माझी गाडी दोन ठिकाणी अडली. एकदा इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. दुकानातून आणताना सगळं ठीक होतं, म्हणून मी घाबरले. पण दुकानात मी पाहिलेली डिस्क वेगळ्या जोडणीची होती. घरी मी मुलाच्या आग्रहाने भाच्याची पडून असलेली एनव्हीएमई डिस्क बसवली होती. बायोसमध्ये साटाच्या (SATA, डिस्कच्या जोडणीच्या) पानावर 'रेड' (RAID) निवडलेलं होतं, ते 'एएचसीआय' (AHCI) केलं आणि डिस्क आली. ऑफिसच्या मशीनवर हे फार वेळा आढळतं, लक्षात ठेवा.

दुसरी अडचण चार दिवसांनी आली. सकाळी मशीन लावलं तर बँकेची साइट, गुगल, सगळीकडे 'ही जागा सुरक्षित नाही' असं येऊ लागलं. मी केबल काढून लावली, राउटर बंद करून सुरू केला. शेवटी मुलाने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं: तारीख कित्येक वर्षं मागची. रात्री यूपीएसचं बटण बंद केलं होतं आणि बोर्डावरचा सेल संपलेला होता. वेबसाइटची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, तारीख चुकली की ती सगळी खोटी ठरतात. सीआर२०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा सेल घड्याळजीकडे चाळीस रुपयांना मिळाला. जुना डबा घेतलात तर हा सेल पहिल्याच दिवशी बदलून टाका.

मराठी लिहिण्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट ही किल्ल्यांची मांडणी आहे, ते जोडलं की झालं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. सासरे एकोणऐंशी वर्षांचे, आयुष्यात कधी टाइप केलेलं नाही. मी त्यांना मधली ओळ आधी शिकवली: उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट आणि डाव्या हाताखाली मात्रा व हलन्त. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, एवढं कळल्यावर त्यांना ते बाराखडीसारखंच वाटलं. 'ल'च्या किल्लीवर शिफ्ट धरलं की 'ळ', 'र'च्या किल्लीवर शिफ्ट धरलं की 'ऱ', मग हलन्त आणि 'य' दिला की 'साताऱ्याचा' शब्द पुस्तकात छापतात तसा उमटतो. तो शब्द पहिल्यांदा बरोबर आला तेव्हा त्यांनी तो पाच वेळा टाइप केला. आता रोज सकाळी चहानंतर एक पान लिहितात. ज्यांना रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन हे दोन भाग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घालावेत. मात्र जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली घरात असतील तर त्या इथे उघडल्यावर निरर्थक चिन्हं दिसतील. त्या जिथे तो फॉन्ट आहे तिथे आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

लिनक्स कोणी घेऊ नये हेही सांगायला हवं. टॅलीवर घरून काम करणारे, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर पोट असणारे, एमएस-सीआयटीचा सराव घरी करणारे, यांनी विंडोजच ठेवावं. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे पैसे देण्याआधी विचारावं. प्रिंटरचंही तसंच: एचपीचे बरेचसे आणि नेटवर्कवरून चालणारे नवे प्रिंटर मिंटला लावले की स्वतःच ओळखले जातात, पण काही जुने, साधे लेझर प्रिंटर अजिबात ऐकत नाहीत. घरी प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल लिनक्सच्या नावासह शोधून बघा. इतरांनी एक आठवडा सध्याच्या मशीनवर फक्त ब्राउझर आणि लिब्रेऑफिस (एमएस ऑफिसऐवजी वापरायचा फुकट संच) वापरून पाहावं. तेवढ्यात भागलं तर लिनक्सवर नक्की भागेल. आमचं आयकर विवरणपत्र ब्राउझरमधल्या ऑनलाइन फॉर्मवरच भरतो, सातबारा तिथूनच पाहतो. केरळात तर सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, मुलं त्यावरच शिकतात. त्यामुळे "मुलाचं नुकसान होईल" ही भीती मनातून काढा.

नवंच हवं असेल तर इंटेल एन१०० या प्रोसेसरचे छोटे मिनी पीसी मिळतात, वीज फारच कमी खातात, पण रॅम-डिस्क धरून आमच्या डब्यापेक्षा बरेच महाग पडतात. रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर शिकायला सुंदर. घरच्या रोजच्या कामाला त्याचा अडॅप्टर, डबा, कार्ड सगळं वेगळं घ्यावं लागतं आणि बेरीज तिथेच येते.

विजेचा हिशेब मी प्लगमध्ये लावायच्या मीटरने मोजला. डबा आणि मॉनिटर मिळून साधारण ४५ वॅट. रोज पाच तास धरले तर महिन्याला सात युनिटांच्या आत. ६०० व्हीएचा यूपीएस लाइट गेल्यावर आम्हाला दहा-बारा मिनिटं देतो, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला ती पुष्कळ आहेत.

प्रत्येकाचं खातं वेगळं करा. सासऱ्यांच्या खात्यात अक्षरं सव्वापट मोठी केली आहेत आणि डेस्कटॉपवर तीनच चिन्हं ठेवली आहेत. कोपऱ्यातली ढाल दिसली की अपडेट करा. आणि मिंटमधला टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम सुरू केला म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं समजू नका. तो सिस्टिमची प्रत ठेवतो, तुमच्या फोटोंची आणि लिखाणाची ठेवत नाही. सासऱ्यांचं लिखाण मी दर रविवारी वेगळ्या डिस्कवर घेते, आतापर्यंत १४२ पानं झाली आहेत.

तो पेनड्राइव्ह पुसू नका. उद्या मशीन सुरूच झालं नाही तर त्यावरूनच आत शिरून फाइली काढता येतात. आमचा सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे. त्यांचं बजेट बारा हजारांचं आहे, मॉनिटर घरात आहे, आणि शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी पुण्याला जाणार आहोत.